सासूला आत्या का म्हणतात? नाती, घर आणि बाई-पुरुष यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या वर्गांना मी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, बहुतेक सगळं सांगलीत. माहेर कराडकडचं. आप्तसंबंध हा भाग निघाला की एरवी मागच्या बाकावर पेंगणारी पोरंही मान वर करायची, कारण मामा प्रत्येकाला असतो. निवृत्तीनंतरही प्रश्न येत राहिले: लग्नाच्या पंगतीत, एसटीत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांकडून. जे पुन्हा पुन्हा आले ते इथं उतरवले आहेत. क्रम शास्त्रशुद्ध नाही.

मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजणं ना? त्याचा आमच्या मामा-मावश्यांशी काय संबंध?

कवट्याही मोजत. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या कवट्यांवरच प्रबंध लिहायला. गोऱ्यांच्या कवटीत काही वरचढ दिसतं का, याचं त्यांच्या मोजमापातून आलेलं उत्तर ‘नाही’ असं होतं. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी देशभर फिरून वेगळीच मोजणी केली: कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, कोणाची मुलगी करतं, कोणाची करत नाही. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला आणि आजही त्याला वळसा घालून पुढं जाता येत नाही.

त्याआधी लुईस हेन्री मॉर्गन हे अमेरिकेतले वकील होते. तिथले मूळनिवासी इरोक्वाय लोक मावशीलाही आई म्हणतात आणि चुलत्यालाही बाप, हे पाहून ते चक्रावले. त्यांनी नात्यांच्या शब्दांची प्रश्नावली छापून जगभर धाडली आणि १८७१ साली त्यातून जाडजूड ग्रंथ काढला. आपल्याला त्यात चक्रावण्यासारखं काही वाटत नाही. थोरल्या चुलतीला ‘मोठी आई’ म्हणणारी घरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

आमच्याकडं सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ म्हणतात. खरी आत्या नसली तरी. हे कुठून आलं?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि माझा सगळ्यात आवडताही.

मामाच्या मुलीशी लग्न झालं असं समजा. आता नवरीच्या बाजूनं बघा. नवरा तिच्या आत्याचा मुलगा, म्हणजे सासू ही आत्याच. आत्याच्या नवऱ्याला आपल्या भागात मामाच म्हणतात, म्हणून सासरा मामा. नवऱ्याच्या बाजूनं बघितलं तर सासरा हा त्याचा सख्खा मामा. एकाच लग्नातून तिन्ही हाका सुटतात. पिढ्यान्‌पिढ्या अशी लग्नं झाली की हाका घट्ट बसतात, आणि मग बाहेरच्या घरची सून आली तरी तीही सासूला आत्याच म्हणते. लग्नाची रीत पातळ झाली, शब्द राहिला. जुन्या वाड्यातली भिंत पडून कोनाडा तेवढा उभा राहावा तसं.

कानडीत तर हे आणखी उघड आहे. तिथं ‘मावा’ म्हणजे मामाही आणि सासराही, ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. एकच शब्द, त्यात दोन नाती. जत तालुक्यातल्या कानडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हा धडा मला कधी शिकवावा लागला नाही. उलट तेच मला दुरुस्त करायचे.

पुस्तकातलं उदाहरण नको असेल तर कराडजवळच्या तळबीडला जा. हंबीरराव मोहिते तिथले. त्यांची बहीण सोयराबाई शिवाजी महाराजांना दिलेली, त्यांचे पुत्र राजाराम. हंबीररावांची मुलगी ताराबाई राजारामांना दिली. म्हणजे राजारामांनी केली ती मामाची मुलगी, आणि सोयराबाई ताराबाईंच्या नात्यानं आत्याही आणि सासूही. शिवाय शहाजीराजांच्या एक पत्नी तुकाबाई, त्याही मोहित्यांच्याच. मोहित्यांनी मुली द्यायच्या आणि भोसल्यांनी करून घ्यायच्या, असं तीन पिढ्या चाललेलं दिसतं.

मामाची चालते, मग आत्याची मुलगी का नको? आणि चुलत, मावस तर अजिबातच नको, असं का?

चुलत बहीण एकाच कुळातली, तिचं कारण लगेच पटतं. मावस बहिणीचं कूळ मात्र वेगळं असू शकतं, तरी ती बहीणच, कारण मावशी ही आईच्या जागी. भावंडं सारख्या लिंगाची असली (भाऊ-भाऊ, बहीण-बहीण) की त्यांची मुलं एकमेकांची भावंडं होतात. भाऊ-बहीण अशी जोडी असली की मुलांमध्ये लग्नाची वाट उघडते. दक्षिण भारत, ऑस्ट्रेलियातले कित्येक आदिवासी, अमेझॉनचं खोरं, सगळीकडं हीच मांडणी सापडते, आणि यातल्या कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. माझ्या मते या शास्त्रातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट आहे.

आता आत्याच्या मुलीचं. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९४९ साली मांडलं की लग्न दोन माणसांचं नसतं, दोन घरांमधली ती देवाणघेवाण असते. मामाची मुलगी करत राहिलं तर एक घर कायम देणारं आणि दुसरं कायम घेणारं राहतं. आत्याची मुलगी केली की प्रवाह उलटतो: काल ज्यांना मुलगी दिली त्यांच्याकडूनच आज मुलगी आणायची. आपल्याकडं मुलाकडच्यांचा मान वरचा. तो मान पिढीगणिक उलटा करायचा म्हटलं तर कोणी कोणापुढं वाकायचं, हाच घोळ. म्हणून बऱ्याच मराठा-कुणबी घरांत ‘दिलेल्या घरातून परत आणायची नाही’ असं म्हणतात.

पण नियम हा राजकारणापुढं लवतो. फलटणच्या निंबाळकरांनी भोसल्यांना मुली दिल्या. शिवाजी महाराजांच्या आजी उमाबाई तिथल्या, पत्नी सईबाईही तिथल्याच. आणि मग सईबाईंची मुलगी सखुबाई फलटणला दिली, सईबाईंच्या भावाच्या, बजाजींच्या मुलाला, महादजींना. महादजींच्या बाजूनं ही आत्याचीच मुलगी. प्रवाह उलटला, कारण बजाजींना पुन्हा जवळ घेणं त्या वेळी मानापेक्षा मोठं होतं. नात्याचा नियम गावात विचारलात तर कायद्यासारखा सांगतात. घराण्याच्या वंशावळीत मात्र तो वाटाघाटीसारखा दिसतो.

कर्व्यांनी देशाचे नातेव्यवस्थेचे चार पट्टे पाडले आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. ते बरोबरच होतं. आपण मामाच्या मुलीला ‘मामेबहीण’ म्हणतो, हा उत्तरेचा शब्द झाला, आणि तिच्याशी लग्न करतो, ही दक्षिणेची रीत. हिंदी भाषक पाहुण्यासमोर हे बोलून बघा, त्याच्या हातातला चहा थांबतो.

कायद्यानं असं लग्न चालतं का? आणि डॉक्टर नको म्हणतात ते?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यातली लग्नं वर्ज्य आहेत, पण रूढी असेल तर मुभा आहे. आपल्याकडं ही रूढी सिद्ध करायला फार लांब जावं लागत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही, पण मोजून ऐका. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मदोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या आते-मामे जोडप्यात ती अंदाजे दुपटीच्या घरात जाते. घराण्यात एखादा आनुवंशिक आजार चालत आला असेल, किंवा अशी लग्नं कित्येक पिढ्या लागोपाठ झाली असतील, तर धोका आणखी वाढतो. लग्नाआधी समुपदेशकाकडं जाणं हे पत्रिका बघण्यापेक्षा उपयोगाचं.

‘सगे’ आणि ‘सोयरे’ यांत नेमका फरक काय?

२६ जानेवारी २०२४ च्या सरकारी मसुद्यात ‘सगेसोयरे’ शब्दाची व्याख्या आली आणि महिनाभर माझा फोन वाजत राहिला. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही, शब्दापुरतं सांगते. सगे म्हणजे जन्मानं आलेले: भाऊ, चुलते, भाऊकी. सोयरे म्हणजे लग्नानं जोडलेले: व्याही, साडू, मेव्हणे, मामाकडचे. सोयरिक ‘जुळवावी’ लागते, भाऊकी फक्त ‘असते’.

मानवशास्त्रात गेल्या शतकाच्या मध्यावर याच जोडीवरून दोन तट पडले होते. ब्रिटिश अभ्यासक म्हणत, समाज वंशावर उभा आहे. फ्रेंच म्हणत, सोयरिकीवर. लुई द्युमाँ तमिळनाडूत काम करून म्हणाले की दक्षिणेत सोयरेपणसुद्धा वारशानं मिळतं: बापाचा मेव्हणा हा मुलाला सोयरा म्हणूनच मिळतो, ‘आईचा भाऊ’ म्हणून नव्हे. आपल्या सहकारी कारखान्यांच्या निवडणुका बघणाऱ्याला दोन्ही तट थोडे थोडे बरोबर वाटतात. भाऊकीत फूट पडते ती जमिनीवरून, आणि उमेदवाराची मोट बांधली जाते ती सोयऱ्यांच्या गावांतून. अँथनी कार्टर या अमेरिकन अभ्यासकानं फलटण तालुक्यात राहून ग्रामीण पुढाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यातही पुढाऱ्यांच्या हातमिळवण्यांमागं लग्नांचे धागे येतातच.

भाऊकीच्या भांडणाला हलकं समजू नका. पटवर्धनांच्या घरात चुलत्या-पुतण्याचं बिनसलं आणि १८०१ साली मिरजेपासून सांगली वेगळी झाली. मी ज्या शहरात तीस वर्षं पगार घेतला ते एका वाटणीतून निघालेलं संस्थान.

देवक म्हणजे काय? लग्नात बसवतात तेच का?

तेच. कोणाचा कळंब, कोणाचे पंचपल्लव, कोणाचं मोराचं पीस. एक देवक असलेल्यांनी एकमेकांत लग्न करायचं नाही, कारण ते भाऊ-बहीण. आडनाव वेगळं असलं तरी. झाड, पक्षी किंवा वस्तू हे कुळाचं चिन्ह मानून त्या कुळाबाहेर लग्न करण्याची चाल जगात फार ठिकाणी आहे. पूर्वीचे अभ्यासक तिला कुलचिन्हवाद म्हणून मोठा गूढ विषय करत. आपल्याकडं आता भटजी विचारतात आणि घरात कोणालाच आठवत नाही, मग पंचपल्लवावर भागवतात.

पूर्वी सगळीकडं एकत्र कुटुंब होतं आणि आता मोडतंय, हे खरं ना?

अर्धंच. ‘पूर्वी’ म्हणजे कधी, हे आधी विचारा. गुजरातेतल्या एका गावाची १८२५ ची घरयादी ए. एम. शहा यांनी तपासली, तर लहान, साध्या घरांचीच गर्दी निघाली. कारण रोकडं आहे: माणसं लवकर मरत. चार भाऊ, त्यांच्या बायका आणि वर आजोबा असं घर नांदायला आजोबा जगावा लागतो. मोठी एकत्र घरं होती ती जास्त करून ज्यांच्याकडं जमीन होती त्यांची, आणि आपल्या आठवणीत त्यांचेच वाडे राहिले.

दुसरी चूक मोजण्याची. आपल्याकडं कुटुंब चुलीवरून मोजतात. ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे घर फुटलं. पण सातबारा एकच, कुलदैवत एक, बैलपोळा एकत्र, म्हातारीची आळीपाळी. मग हे कुटुंब एक की तीन?

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाईवाल्यांचं बघा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानिमित्त ही माणसं देशभर पांगली. एक भाऊ केरळात, दुसरा आसामात, आई-बाप इथं. दुकानात पोऱ्या म्हणून नेलेला मुलगा बहुधा भाचा किंवा मेव्हण्याचा भाऊ; उद्या तोच स्वतःचं दुकान टाकतो. सोयरिक मात्र तालुक्यातलीच, आणि जत्रेला सगळे हजर. चुली पाच राज्यांत, आणि तरी मला विचाराल तर हे एकत्र कुटुंबच. पाटण-जावळीकडून मुंबईला माथाडी म्हणून गेलेल्यांच्या घरीही हेच: नवरा खोलीवर, बाई शेतावर. कारभारी कोण, हा प्रश्न तिथं गमतीचा होतो. खतं, बियाणं, मजूर, सोसायटीचं कर्ज सगळं ती बघते आणि कागदावर सही त्याची.

बायकांचं राज्य असलेले समाज खरंच आहेत का?

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. मातृवंशीय म्हणजे कूळ आणि मालमत्ता आईकडून चालते. मातृसत्ताक म्हणजे सत्ता बाईच्या हाती. पहिले समाज भरपूर आहेत. दुसऱ्याचं निखळ उदाहरण अजून तरी हाती लागलेलं नाही.

मेघालयातल्या खासींमध्ये घर आणि वडिलोपार्जित वाटा धाकट्या मुलीला जातो, तिला ‘का खद्दू’ म्हणतात. पण त्याबरोबर म्हाताऱ्यांचं करणं, घरचे विधी, अडल्या भावंडांना आसरा, हे सगळंही तिच्याच गळ्यात येतं, आणि मोठ्या निर्णयांत मामाचा शब्द चालतो. सुमात्रातले मिनांगकाबाउ तर मुसलमान आणि मातृवंशीय एकाच वेळी. चीनमध्ये लुगू सरोवराकाठच्या मोसुओंमध्ये पुरुष रात्री प्रेयसीकडं जातो, पहाटे आपल्या आईच्या घरी परततो आणि दिवसभर बहिणीची मुलं सांभाळतो.

केरळच्या नायरांनी तर अभ्यासकांची व्याख्याच मोडली. मूल आईच्या ‘तरवाडा’चं (आईकडच्या एकत्र घराण्याचं), कारभार थोरल्या मामाकडं, आणि आईचा ‘संबंधम’ असलेला पुरुष पाहुण्यासारखा येणार-जाणार. विवाह म्हणजे एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांची औरस मुलं, ही सुटसुटीत व्याख्या इथं लागूच पडेना. कॅथलीन गॉ यांनी नायरांचा अभ्यास करून ती नव्यानं लिहायला घेतली, एडमंड लीच म्हणाले व्याख्येचा नादच सोडा. केरळनं १९७५ च्या कायद्यानं ही एकत्र कुटुंबव्यवस्था संपवली, पण तोवर ती आतून विरली होती.

मानवशास्त्रज्ञ मलिनोव्स्कींना पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर दिसलं की तिथं बाप हा खेळवणारा, लाड करणारा; धाक मामाचा, कारण वारसा मामाकडून. आपला मामा याच्या नेमका उलटा. बाप दरडावतो, मामा तूपरोटी खाऊ घालतो. हक्क आणि धाक जिकडं, त्याच्या दुसऱ्या बाजूला लाड, असं रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मामाविषयी लिहिलं होतं. ‘मामानं मुलीला मंडपात आणावं’ असा पुकारा झाला की मला दर वेळी ते आठवतं. मुलगी बापाच्या कुळातून जाते आहे आणि तिला हात धरून आणणारा माणूस त्या कुळातला नाही.

दत्तक मुलगा म्हणजे खरा मुलगा का?

साताऱ्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे जखमेवर बोट ठेवणं.

१८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर-जनरल डलहौसीनं काय केलं ते नीट बघा. दत्तक खोटा आहे असं तो म्हणाला नाही. खाजगी मालमत्तेपुरता मुलगा खरा, राज्यापुरता नाही, असं म्हणाला. एकाच पोराला त्यानं अर्धा मुलगा केलं, आणि सातारा खालसा झालं.

यातली मेख अशी की ती गादी आधीपासूनच दत्तकावर चालली होती. थोरल्या शाहूंनंतर रामराजे दत्तक आले, आपला नातू म्हणून ताराबाईंनी पुढं केलेले. वर्षभरात बिनसल्यावर ताराबाईंनीच रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं, आणि पुढं जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा माझा नातू नव्हेच. तरी रामराजे छत्रपतीच राहिले. १७७७ साली त्यांनी स्वतः दत्तक घेतला तो दुसरा शाहू, आणि प्रतापसिंह व आप्पासाहेब ही या दुसऱ्या शाहूंची मुलं. रक्ताचा धागा दोनदा तुटून सत्तर वर्षं झाली होती, आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते कंपनीला हवं होतं तेव्हा.

निलगिरीतल्या तोडा आदिवासींमध्ये पूर्वी एका बाईचे अनेक नवरे असत, बहुधा भाऊ-भाऊ. मग बाप कोण? बाई गरोदर असताना ज्यानं तिला विधिपूर्वक छोटं धनुष्यबाण दिलं, तो. दुसऱ्या कोणी तसा विधी करेपर्यंत पुढच्या मुलांचाही बाप तोच, तो मेला असला तरी. ब्रिटिश अभ्यासक रिव्हर्स यांनी हे १९०६ साली नोंदवलं. ऐकणारे हसतात. मी विचारते, आपल्याकडं जन्मदाखल्यावरचा रकाना दुसरं काय करतो?

साताऱ्याच्या मातीतलंच आणखी एक घर. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याचं नायगाव. त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा भाऊकीनं यशवंतच्या हक्कावर बोट ठेवलं, आणि टिटवं (अंत्ययात्रेत पुढं धरायचं मडकं) धरून सावित्रीबाई पुढं चालल्या. डलहौसीचा प्रश्न आणि भाऊकीचा प्रश्न एकच होता. उत्तर एका बाईनं दिलं.

जेनेट कार्स्टन यांनी मलेशियातल्या लंकावी बेटावर पाहिलं की तिथं एका चुलीवरचा भात वर्षानुवर्षं खाल्ला की माणसं आप्त होतात, भातानंच रक्त बनतं असं ते मानतात. ‘एका ताटात जेवलोय आम्ही’ हे आपण भांडणात म्हणतो, ते काही वेगळं नाही.

कायद्यानं मुलीला वाटा आहे, मग बहिणी हक्कसोड का करतात?

कायदा आधी सांगते. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तो देशभर आला, लग्न झालेली असो वा नसो. बाप त्या दिवशी जिवंत हवा का, यावर कोर्टांत गोंधळ होता; सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्मानंच आहे, बाप हयात असण्याची अट नाही.

आणि तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रं होतातच. पोरी अडाणी आहेत म्हणून होत नाहीत. बीना अगरवाल यांनी १९९४ साली दक्षिण आशियातल्या बायका आणि जमीन यांवर लिहिताना दाखवलं की बहीण वाटा सोडते तो बऱ्याचदा हिशेब करून. नवऱ्यानं टाकलं, विधवा झाली, तर परत यायला एक दार हवं. त्या दाराची किंमत म्हणजे तो वाटा. दिवाळीची भाऊबीज, बाळंतपण, मुलांच्या लग्नातला मामाचा आहेर हे त्याचं व्याज. आपल्या शब्दांत सांगायचं तर ‘माहेर तुटू नये म्हणून’.

मीही सही केली आहे. वर्गात अगरवाल शिकवून आले आणि पुढच्या आठवड्यात कराडला जाऊन अंगठ्याचा ठसा उमटवला. साडी मिळाली, मोतिया रंगाची. पाच वर्षांनी भावाशी दुसऱ्याच कारणावरून अबोला झाला, तेव्हा कळलं की हा विमा एकतर्फी असतो. हप्ता परत मिळत नाही. म्हणून आता विचारणाऱ्या मुलीला मी इतकंच सांगते की सही करायचीच असेल तर आधी गट नंबर, क्षेत्र आणि बाजारभाव माहीत करून घे. काय सोडतेस ते तरी कळू दे.

‘नकुशी’ नावाच्या मुलींचं काय झालं?

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. त्यांतल्या काहींनी आवडत्या नट्यांची नावं घेतली, जे मला फार आवडलं.

नावाकडं मात्र अभ्यासक म्हणून जरा थांबून बघा. आपल्याकडं दगडू, धोंडू, कचरू ही नावंही आहेत. मुलं जगत नसली की पुढच्याला असं नाव ठेवत, म्हणजे सटवी, नजर, मरण यांना वाटावं की हे काही मोलाचं नाही आणि त्यांनी पुढं जावं. दगडू हे मरणाला मारलेली थाप आहे. नकुशीत थाप नाही. ते पुढच्या खेपेला मुलगा यावा म्हणून दैवाला कळवलेलं मत आहे, आणि पत्ता म्हणून त्या पोरीचा जन्मभर वापर.

आकडेही बघा. शून्य ते सहा वयात दर हजार मुलग्यांमागं सांगली जिल्ह्यात मुली २००१ साली ८५१ आणि २०११ साली ८६७. ऊस, द्राक्षं, दूध संघ असलेला हा जिल्हा. गरिबीवर खापर फोडता येत नाही. जिथं जमीन आणि हुंडा दोन्ही मोठे, आणि सोनोग्राफी यंत्र जवळ, तिथं हा आकडा पडतो. आता तिशी ओलांडलेले शेतकरी तरुण मुली मिळत नाहीत म्हणतात. त्यांच्या वेळच्या मुली कुठं गेल्या, हे त्यांच्या आयांना विचारावं, नाहीतर त्यांच्या आयांना कोणी विचारलं होतं का, हे.

बाई ‘मुलगा’ किंवा ‘बाप’ होऊ शकते का?

होते. दक्षिण सुदानच्या नुएर जमातीत मूल न झालेली श्रीमंत बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावी. त्या बायकोला जी मुलं होत त्यांचा ‘बाप’ ही बाई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी हे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडं जवळचं उदाहरण सौंदत्तीच्या यल्लम्माचं. जत-मिरजेपासून बेळगावपर्यंत मुली देवीला सोडत. लुसिंडा रॅम्बर्ग यांनी उत्तर कर्नाटकात जोगतिणींमध्ये राहून काम केलं, ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी दाखवलं की सोडलेली मुलगी घरात मुलाच्या जागी येते. ती सासरी जात नाही, आई-बापाला पोसते, वाटा घेते, तिची मुलं तिच्या बापाच्या घराची. यातलं शोषण मी झाकत नाही. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले ते उगीच नव्हे. पण नुसतं ‘अंधश्रद्धा’ म्हणून सोडलं तर एक गोष्ट दिसतच नाही: मुलगा नसलेल्या गरीब घरानं वारसाची अडचण कशी सोडवली. त्याच देवीपुढं लुगडं नेसून परडी घेणारे जोगते आहेत, ज्यांना गाव पुरुष म्हणत नाही आणि बाईही म्हणत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ओळख मान्य केली. गावानं त्यांना जोगवा कधीपासून घातलेला आहे. जोगवा घालणं आणि घरात घेणं यांत फरक आहे, हेही खरं.

मार्गारेट मीडनं सिद्ध केलं ना की बाईपण-पुरुषपण नुसतं संस्कारानं येतं?

परीक्षेत असं लिहू नका. मीड यांनी १९३५ साली न्यू गिनीतल्या तीन समाजांची तुलना मांडली: एकात दोघंही मवाळ, एकात दोघंही आक्रमक, एकात भूमिका उलट्या. नंतरच्या अभ्यासकांना चित्र इतकं नीटनेटकं दिसलं नाही. त्यांनी प्रश्न उघडला, हे श्रेय मोठं.

माझ्या घराण्याची वंशावळ मला काढायची आहे. सुरुवात कुठून?

रिव्हर्स यांनी घालून दिलेली पद्धत अजून चालते. आज वापरायच्या खुणा अशा: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, मेलेल्यावर तिरकी काट. स्वतःपासून सुरू करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसा, बुवापाशी नव्हे. म्हातारा सरळ वर चढत खापरपणजोबापर्यंत जातो आणि थांबतो. म्हातारी आडवी पसरते: कोण कोणाच्या घरात दिली, कोणाची पाटाची, कोणाची लग्नाची, कोणी कोणाला मांडीवर घेतलं.

हेळवी अजून तुमच्या गावाला येत असेल तर त्याला चुकवू नका. बैल घेऊन येतो, बाड उघडतो आणि तुमच्या कुळाच्या पिढ्या घडाघडा वाचतो. धान्य, पैसे घेतो आणि नवे जन्म लिहून घेतो. माझ्या माहेरी तो आला तेव्हा मी विचारलं, यात माझं नाव आहे का? त्यानं बाडातून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘लेकींची नावं आमच्यात नसत्यात, बाई. तुमचं सासरच्या बाडात बघावं लागंल.’ सासरच्या बाडात माझ्या नावापुढं काय लिहिलंय? ‘कराडकडची.’

तेव्हा तुमच्या वहीत वर्तुळांना नावं द्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही.

साडूच्या व्याह्याला काय म्हणतात?

पाव्हणं. चहा टाका.